घरचे शास्त्र : दोष यंत्राचा की मापाचा?

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे क्षेत्र आमच्या बहुतेक वाचकांस योगेश्वरीच्या देवळामुळे, मुकुंदराजांच्या समाधीमुळे आणि दासोपंतांच्या पासोडीमुळे परिचित आहे. त्याच गावाहून एका वाचक गृहस्थांचे पत्र दीड महिन्यापूर्वी आमच्याकडे आले. पत्राचा विषय मात्र ना देवीचा, ना संतवाङ्मयाचा. तो होता एका इलेक्ट्रॉनिक बोर्डाच्या ‘इनपुट लेव्हल’चा, म्हणजे यंत्राच्या तोंडाशी येणाऱ्या सिग्नलाच्या पातळीचा. असल्या रूक्ष विषयास कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या मासिकात स्थान काय, असा प्रश्न काही वाचक करतील. पत्र उघडताना तो आमच्याही मनात आला होता; परंतु पत्र संपेपर्यंत तो उरला नाही.

हकीकत अशी. या गृहस्थांच्या मातोश्रींचे वय चौऱ्याऐंशी वर्षांचे आहे. दासोपंतांची काही पदे त्या आपल्या सासूबाईंकडून शिकल्या आणि त्या सासूबाई आपल्या सासूबाईंकडून. पदांचे शब्द शोधू गेल्यास पुस्तकांत सापडतील. पण या घराण्यातली त्यांची चाल कोठेही लिहिलेली नाही, ती केवळ मातोश्रींच्या गळ्यात आहे. गृहस्थांचे वडील कीर्तन करीत असत. त्यांच्या आवाजाची एकच कॅसेट घरात आहे आणि तीही भरताना आवाजाचे बटण फार चढवून ठेवल्यामुळे पहिल्यापासून शेवटपर्यंत फाटलेली आहे. तीस वर्षांपूर्वी झालेली ही चूक आता कोणासही सुधारता येत नाही. तशीच गत मातोश्रींच्या पदांची होऊ नये, दत्तजयंतीपूर्वी ती नीट मुद्रित करून ठेवावीत, असे घरात ठरले. नातू तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षास आहे. त्याने साठविलेल्या पैशांतून ध्वनीवर प्रक्रिया करणारा एक ‘इव्हॅल्युएशन बोर्ड’ मागविला.

हा बोर्ड म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. एखादी नवी चिप बाजारात आली म्हणजे ती आपल्या कामास उपयोगी पडेल की नाही, हे अभियंत्यांस अजमावून पाहता यावे म्हणून तिचे कारखानदार ती चिप एका लहानशा पट्टीवर बसवून, तिला लागणारी विजेची सोय व आत येण्याच्या-बाहेर जाण्याच्या खोबणी जोडून देतात. तयार रेडिओ किंवा टेपरेकॉर्डर आणि हा बोर्ड यांत फरक इतकाच की, तयार यंत्राच्या आतील मापे कारखान्याने आधीच जुळवून दिलेली असतात. बोर्डावर ती आपली आपण जुळवावी लागतात. शिकणाऱ्यास यासारखे दुसरे साधन नाही. पण ज्याने माहितीपत्रक पुरते वाचले नाही, त्यास यासारखा दुसरा चकवाही नाही.

मुलाने तीन प्रयोग केले. पहिल्यात त्याने कीर्तनाचा साधा माइक थेट बोर्डास जोडला. आजींचा आवाज जेमतेम ऐकू आला, आणि संगणकात तो वाढवून पाहता खरखरच अधिक वाढली. दुसऱ्यात त्याने शेजारच्या लाउडस्पीकरवाल्याचा अँप्लिफायर आणून कर्ण्याकडे जाणारी तार बोर्डात घातली. आवाज मोठा आला, पण आजोबांच्या कॅसेटीसारखाच फाटका. तिसरा प्रयोग त्याने प्रयोगशाळेत केला. माहितीपत्रकात लिहिले होते की, २ व्होल्टचा सिग्नल दिला असता बोर्डाचे माप पूर्ण भरते. त्याने यंत्राने बरोबर २ व्होल्टची लहर दिली. पण मीटर पूर्णावर न जाता ९ डेसिबल खालीच थांबला. तेव्हा बोर्ड सदोष आहे अशी त्याची खात्री झाली व तो परत करून दुप्पट किमतीचा मागवावा, असे त्याने वडिलांस सांगितले. वडिलांचे मत असे पडले की, बोर्ड ठीक असेल, चिरंजीवांचेच लक्ष ठिकाणावर नाही. या दोघांच्या वादात मातोश्री मात्र भलतेच समजून बसल्या. पहिल्या प्रयोगातला तो क्षीण आवाज त्यांनी ऐकला होता. ‘माझा गळाच गेला, यंत्राला सुद्धा ऐकू जात नाही, आता पुरे,’ असे म्हणून त्यांनी सायंकाळी म्हणावयाची पदेही बंद केली. बोर्ड परत करावा की काय, एवढेच गृहस्थांनी आम्हांस विचारले होते. आम्हांस मात्र तिसरी गोष्टच सर्वांत निकडीची वाटली.

येथे आरोपी तीन होते : बोर्ड, मुलगा आणि आजींचा गळा. आमचा पहिला संशय मात्र चौथ्यावरच, म्हणजे जोडणीच्या तारेवर गेला, हे कबूल केले पाहिजे. परंतु संशयावरून उत्तर लिहिण्यापेक्षा आकडे मागवावेत, असा विचार करून आम्ही मुलास प्रत्येक प्रयोगाचे मोजमाप आणि प्रयोगशाळेतील ऑसिलोस्कोपच्या पडद्याचे छायाचित्र पाठविण्यास सांगितले. दोन दिवसांत सर्व आले आणि चौघेही निर्दोष ठरले.

प्रथम पातळीची गोष्ट समजून घेऊ. ज्यांनी जाते ओढले आहे किंवा ओढताना पाहिले आहे, त्यांस ठाऊक आहे की, जात्यात वैरण फार घातली तर पीठ भरड येते आणि फार थोडी घातली तर दगडावर दगड घासून पिठात कच उतरते. दोष जात्याचा नसतो, धान्याचाही नसतो, मुठीचा असतो. प्रत्येक विद्युत्यंत्राच्या तोंडाचीही अशीच एक मूठ ठरलेली असते. तिच्याहून मोठी लहर आली तर तिचे शेंडे सपाट कापले जातात. त्यालाच क्लिपिंग म्हणतात व कानास तो आवाज फाटका लागतो. फार लहान लहर आली तर ती यंत्राच्या स्वतःच्या खरखरीत बुडते. कापलेला शेंडा मागाहून कोणत्याही बटणाने परत उगवत नाही. आणि बुडालेला आवाज वर काढू गेले तर खरखरही तितकीच वर येते. म्हणून पातळी जुळवायची ती तोंडाशीच.

ही पातळी सांगण्यासाठी डेसिबल हे माप वापरतात. टेलिफोनचा शोध लावणारे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचे नाव त्यास दिलेले असून, टेलिफोनच्या तारांतील आवाजाची घट मोजण्याच्या गरजेतून ते गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात प्रचारात आले. गृहिणींनीही त्यास भिण्याचे कारण नाही. दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या म्हणजे पुरे : व्होल्टेज दुप्पट झाले म्हणजे सुमारे ६ डेसिबल वाढतात, आणि दसपट झाले म्हणजे २० डेसिबल. बोर्डावर पूर्ण मापास शून्य म्हणतात आणि त्याखालील सर्व आकडे उणे लिहितात.

आता मुलाचे तिन्ही प्रयोग या काट्यावर घालून पाहू. कीर्तनाचा साधा माइक समोरच्या गाण्याने एक-दोन मिलिव्होल्ट उत्पन्न करतो. बोर्डास पूर्ण भरावयास हवेत २ व्होल्ट, म्हणजे २,००० मिलिव्होल्ट. २ मिलिव्होल्ट धरले तरी हा हजारपटींचा फरक झाला. २० डेसिबलांच्या तीन पायऱ्या, म्हणजे उणे ६०. मुलाचा मीटर उणे ६२ दाखवीत होता. अशा बोर्डाची स्वतःची खरखर पूर्ण मापाच्या सुमारे १०० डेसिबल खाली असते. तेव्हा आजींचा आवाज आणि खरखर यांत अंतर उरले जेमतेम ४० डेसिबलांचे. आजींचा गळा गेला नव्हता. मणभर धान्य तोलण्याच्या काट्यावर गुंजभर सोने ठेवले होते, इतकेच.

दुसऱ्या प्रयोगात याच्या उलट झाले. कर्णा हलविण्यासाठी अँप्लिफायरला जोर लावावा लागतो. २० वॅटचा अँप्लिफायर ८ ओहमच्या कर्ण्यास पूर्ण जोराने सुमारे साडेबारा व्होल्ट देतो. २ व्होल्टच्या तोंडास साडेबारा व्होल्ट म्हणजे सहापटींहून अधिक, सुमारे १६ डेसिबल मापाबाहेर. बोर्ड जळाला नाही हेच नशीब. वाचकांनी हे पक्के लक्षात ठेवावे की, कर्ण्याकडे जाणारी तार ध्वनिमुद्रणाच्या खोबणीत कधीही घालू नये. मोठ्या सभामंडपांतील काही अँप्लिफायर तर कर्ण्यांच्या लांब तारांवर शंभर व्होल्टपर्यंत देतात. तेथे यंत्राचाच नव्हे, माणसाचाही प्रश्न येतो.

राहिला तिसरा प्रयोग, ज्यावरून बोर्डास शिक्षा व्हावयाची होती. वस्तुतः या प्रयोगाची कल्पना तिन्हींत उत्तम होती. अनोळखी आवाज देऊन यंत्राची परीक्षा करण्यापेक्षा ज्याचे माप आपणांस निश्चित ठाऊक आहे, असा सिग्नल द्यावा आणि यंत्र काय म्हणते ते पाहावे, हीच शास्त्राची रीत. आपणांपैकी पुष्कळांनी हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी काढून घेतला असेल. त्या कागदावर आरंभी किंवा शेवटी एक चौकोनी खूण उमटलेली असते. ती १ मिलिव्होल्टची असून नेमकी १० मिलिमीटर उंच यावी लागते. ती तशी आली तरच पुढील रेघांच्या उंचीवर डॉक्टर विश्वास ठेवतात. अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे; तेथील प्रत्येक विद्यार्थ्यास ही खूण आधी पाहण्यास शिकवीत असतील, हे सांगणे न लगे. मुलाने बोर्डासाठी अशीच खूण काढली होती. चूक एकच झाली. खुणेचे माप त्याने एका भाषेत दिले आणि बोर्डाने ते दुसऱ्या भाषेत वाचले.

छायाचित्र पाहताच उलगडा झाला. पडद्यावरील एका चौकटीस अर्धा व्होल्ट लावलेला होता आणि लहर शिखरापासून तळापर्यंत चार चौकटी भरत होती; म्हणजे शिखर ते तळ २ व्होल्ट. माहितीपत्रकातील २ व्होल्ट मात्र ‘आर. एम. एस.’ होते. लहर सतत वरखाली होत असते, म्हणून तिची परिणामकारक सरासरी काढून ती या नावाने सांगण्याचा प्रघात आहे. आपल्या घरातील विजेचे २३० व्होल्ट हे याच भाषेतले होत. त्या लहरीचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टांवर जाते आणि शिखरापासून तळापर्यंत मोजले तर ६५० व्होल्ट भरतात. वीज तीच, आकडे तीन. शिखर ते तळ मोजलेल्या व्होल्टांस २.८३ ने भागले म्हणजे आर. एम. एस. व्होल्ट मिळतात. मुलाचे २ व्होल्ट या हिशेबाने फक्त ०.७१ व्होल्ट ठरतात. आणि २ व्होल्ट व ०.७१ व्होल्ट यांतील अंतर डेसिबलमध्ये काढले तर बरोबर ९ येते. मीटर ९ खाली थांबला, तो चुकला म्हणून नव्हे, तर अगदी खरे बोलला म्हणून.

आम्ही तत्काळ कळविले की, बोर्ड परत करू नये, एक पैसाही अधिक खर्चू नये आणि ही गोष्ट प्रथम मातोश्रींस सांगावी. पुढे काय करावे, तेही क्रमाने लिहून दिले. ज्यांच्या घरी आईवडिलांचे आवाज जतन करावयाचे आहेत, त्या सर्वांस तो क्रम उपयोगी पडेल; साधन बोर्ड असो, संगणक असो की साधे मुद्रणयंत्र असो.

पहिली गोष्ट, आपल्या यंत्राचे तोंड किती व्होल्टांचे आहे ते माहितीपत्रकात पाहावे, आणि तो आकडा कोणत्या भाषेतला आहे तेही पाहावे. दुसरी, ठाऊक असलेला सूर देऊन मीटर अपेक्षेप्रमाणे चालतो की नाही, याची खात्री करावी. हा सूर घरच्या मल्टिमीटरने मोजावयाचा असल्यास दोनशे हर्ट्झच्या आसपासचा घ्यावा. कारण स्वस्त मल्टिमीटर बहुधा ४०० हर्ट्झपर्यंतच बरोबर वाचतात, त्यावरील सुरांस त्यांचा भरवसा नाही. तिसरी, माइक व यंत्र यांच्यामध्ये आवाज वाढविणारी पायरी हवी. लाउडस्पीकरवाल्याच्या त्याच अँप्लिफायरच्या पाठीमागे ‘लाइन आउट’ नावाची खोबण होती. कर्णे सोडवून ठेवून तीतून सिग्नल घ्यावा, असे आम्ही सुचविले. माइकचे २ मिलिव्होल्ट तेथे शंभरपट झाले की ०.२ व्होल्ट होतात, म्हणजे बोर्डावर उणे २०. ही साध्या गाण्यास योग्य पातळी होय. चौथी, पायऱ्या एकाहून अधिक असल्या म्हणजे तपासणी माइककडून सुरू करून पुढे पुढे जावे. आधीच्या पायरीवर फाटलेला आवाज पुढे कमी केला तरी फाटकाच राहतो. मीटर मात्र सर्व ठीक असल्याचे सांगतो. पाचवी, तारा जोडल्यावर एकसारखी घूं ऐकू आली तर ती बहुधा घरातील विजेची ५० हर्ट्झची गुणगुण असते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर काम करून पाहावे. पुष्कळदा तेवढ्याने ती थांबते.

शेवटची गोष्ट यंत्राची नाही, माणसाची आहे. गाणारा पहिल्या ओळीस संकोचाने गातो आणि रंगला म्हणजे आवाज चौपट होतो. चौपट म्हणजे १२ डेसिबल. म्हणून पातळी ठरविताना सर्वांत वरची ओळ आधी म्हणवून घ्यावी, ती उणे ८ ते उणे १२ यांच्या दरम्यान राहील असे पाहावे आणि नंतर बटणास हात लावू नये. थोडी जागा रिकामी राहिली तर काही बिघडत नाही. ती नसली तर उत्तम ओळच कापली जाते. जुन्या काळी तर बटणही नव्हते. १९०२ साली कलकत्त्यास गौहर जान यांच्या तबकड्या घेतल्या गेल्या, तेव्हा गायिकेने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालूनच गावयाचे असे. १९२५ च्या सुमारास विजेचे मुद्रण येईपर्यंत हीच रीत होती, आणि वरच्या सुरास मागे सरणे व खालच्यास पुढे येणे हाच पातळी सांभाळण्याचा मार्ग होता. आजही माइकपासूनचे अंतर निम्मे केले की सुमारे ६ डेसिबल वाढतात. वृद्ध माणसास पुढे मागे सरावयास लावू नये. माइक वीतभर अंतरावर स्थिर ठेवावा, पंखा बंद करावा, आणि स्वयंपाकघरात कुकर चढविलेला नाही हेही पाहून घ्यावे.

गेल्या आठवड्यात अंबाजोगाईहून दुसरे पत्र आले. मातोश्रींस प्रथम हे काही पटले नाही. ‘माझी समजूत काढता,’ असे त्या म्हणाल्या. तेव्हा नातवाने त्यांच्यासमोर मीटर ठेवला आणि स्वतः दोन ओळी म्हणून दाखविल्या. मग त्यांस म्हणावयास सांगितले. नातवाचा आकडा उणे २२, आजींचा उणे १४. दोन आकड्यांत मोठा कोणता, हे त्यांस समजावून द्यावे लागले नाही. तीन दुपारी मिळून अकरा पदे मुद्रित झाली. एकात मध्येच खोकला आला आहे, एकात दारावरची घंटा वाजली आहे. ती दोन्ही तशीच ठेवली आहेत. दोन पदांचे शेवटचे चरण मात्र त्यांस आठवले नाहीत, आणि ते आता कोणास विचारावेत, हे घरात कोणास ठाऊक नाही. पाच वर्षांपूर्वी हे काम हाती घेतले असते तर बरे झाले असते, असे गृहस्थांनी लिहिले आहे. ती हळहळ रास्त आहे. तिच्यावर डेसिबलचा उपाय नाही.

वाचकांस आमची विनंती एवढीच की, हे काम लांबणीवर टाकू नये आणि घाईने बिघडवूही नये. मुद्रण झाल्यावर पदाचे नाव, म्हणणाऱ्याचे नाव, कोणाकडून शिकले आणि कोणत्या तिथीस म्हटले, हे लिहून ठेवावे. प्रती दोन करून दोन घरी ठेवाव्यात. आणि यंत्राने वेडेवाकडे उत्तर दिले तर बोर्डास, मुलास किंवा म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यास नावे ठेवण्यापूर्वी आपण दिलेले माप व यंत्राने वाचलेले माप एकच आहे की नाही, ते एकवार ताडून पाहावे. ताडून पाहण्यास लागतात दहा मिनिटे. अंबाजोगाईच्या त्या घरात सायंकाळची पदे तीन आठवडे बंद होती.